चाळिशीत नोकरी गेल्यावर कोणता कोर्स करावा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. प्रश्नकर्त्यांचे वय ४१ आहे. दहावीनंतर त्यांनी आयटीआयमधून फिटरचा दोन वर्षांचा ट्रेड पूर्ण केला आणि अंबड औद्योगिक वसाहतीत वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात १६ वर्षे गुणवत्ता तपासणी विभागात काम केले. मार्चअखेरीस त्यांची लाइन बंद झाली. शेवटचा पगार साडेवीस हजार रुपये होता आणि त्यातून ईएसआयचा, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याचा, हप्ता कापला जात होता. सध्या हाताशी २ लाख १० हजार रुपये आहेत. घरहप्त्यासह महिन्याचा खर्च २२ हजार आहे आणि पत्नीला शिवणकामातून सुमारे सहा हजार मिळतात. मुलगी दहावीत आहे. त्यांच्यासमोर तीन कोर्स आहेत: नोकरीची हमी देणारा सहा महिन्यांचा डेटा अॅनालिटिक्सचा कोर्स, फी ९५ हजार, पीएलसी-स्काडाचा (कारखान्यातल्या यंत्रांच्या संगणकीय नियंत्रणाचा) दोन महिन्यांचा कोर्स, फी ३० हजार, आणि ड्रोन पायलटचे प्रशिक्षण. यातला कोणता घ्यावा, असे त्यांनी विचारले आहे.

सुरुवातीलाच स्पष्ट सांगतो. या तिघांपैकी एकाही कोर्सची फी तुम्ही येत्या पंधरा दिवसांत भरू नये. कोर्स वाईट आहेत म्हणून मी हे म्हणत नाही. तुम्ही निवड उलट्या टोकाकडून सुरू केली आहे, म्हणून म्हणतो आहे. कोणत्या कामावर जायचे हे ठरण्याआधी कोर्स ठरवला, तर कोर्स संपल्यावर काम शोधण्याचा प्रश्न जसाच्या तसा उरतो, फक्त तोपर्यंत शिल्लक संपलेली असते. औद्योगिक प्रशिक्षणाच्या क्षेत्रात मी वीस वर्षांहून अधिक काळ आहे आणि त्यातली बरीच वर्षे नोकरी गेलेल्या माणसांसोबत बसण्यात गेली आहेत. ज्यांचे बस्तान नीट बसले, त्यांतल्या बहुतेकांनी आधी काम पाहिले, मग त्या कामाला लागणारी आणि आपल्याकडे नसलेली एक-दोन कौशल्ये ओळखली आणि तेवढ्यापुरताच कोर्स केला.

पहिला हिशेब दिवसांचा आहे. खर्च २२ हजार आणि घरातली आवक सहा हजार म्हणजे दरमहा १६ हजारांची तूट. २ लाख १० हजारांवर घर सुमारे तेरा महिने चालेल. त्यातले ९५ हजार फीमध्ये दिले, तर उरलेल्या १ लाख १५ हजारांवर ते सात महिने चालेल, आणि कोर्सच सहा महिन्यांचा आहे. म्हणजे नव्या क्षेत्रात, वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी, पहिली नोकरी शोधायला तुमच्या हाती जेमतेम एक महिना राहील. महिनाभरात मिळेल ती नोकरी पत्करावी लागणे, हीच या निवडीची खरी किंमत आहे आणि ती फीच्या पावतीवर छापलेली नसते.

आवक थोडी वाढवण्याचे दोन मार्ग तुमच्यासारख्यांच्या लक्षातून सुटतात. ईएसआय चालवणाऱ्या ईएसआयसी या महामंडळाची अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना २०१८ मध्ये सुरू झाली. तिच्यात नोकरी गेलेल्या विमाधारकाला सरासरी दैनिक वेतनाच्या ५० टक्के रक्कम जास्तीत जास्त ९० दिवसांसाठी, आयुष्यात एकदा मिळते. त्यासाठी किमान दोन वर्षांची विमापात्र नोकरी आणि ठरावीक दिवसांचा हप्ता भरलेला असावा लागतो. ही योजना मुदतवाढीवर चालत आली आहे, त्यामुळे आधार, बँक पासबुक आणि विमा क्रमांक घेऊन शाखा कार्यालयात स्वतः जावे आणि सध्याची अट समजून घ्यावी. दुसरा मार्ग तुमच्याच कामातला आहे. मोठ्या कंपन्यांच्या दारात पुरवठादारांचा माल सॉर्टिंग आणि रिवर्क करून देणारे, म्हणजे खराब भाग वेगळे काढून दुरुस्त करणारे, थर्ड पार्टी इन्स्पेक्शनचे ठेकेदार अंबड-सातपूरमध्ये आहेत आणि ज्याला ड्रॉइंग वाचता येते, असा माणूस त्यांना दिवसाच्या रोजंदारीवर हवा असतो. हे काम मानाचे वाटणार नाही, हे मला माहीत आहे. पण आठवड्यातले तीन दिवस ते केले तर शिल्लक टिकते, हात चालू राहतो आणि कुठे माणसे घेत आहेत ही बातमी सर्वांत आधी तिथेच कळते.

आता मूळ मुद्दा, म्हणजे काम कसे पाहायचे. दोन आठवडे रोज तासभर नाशिक, सिन्नर, गोंदे आणि दिंडोरी या पट्ट्यातल्या नोकरीच्या जाहिराती वाचा आणि तुम्हाला अर्ज करावासा वाटेल अशा तीस जाहिराती एका वहीत उतरवून घ्या. राज्य सरकारचे महास्वयम् हे रोजगार पोर्टल, नोकरीची संकेतस्थळे, ओळखीच्या व्हॉट्सअॅप गटांतले संदेश आणि कारखान्यांच्या गेटवर लावलेले फलक, हे सगळे यात धरा. प्रत्येक जाहिरातीतून चार गोष्टी लिहायच्या: पदाचे नाव, मागितलेली पात्रता, नाव घेऊन मागितलेली यंत्रे किंवा सॉफ्टवेअर आणि पगार. पंधरा-वीस जाहिराती झाल्या की तेच तेच शब्द पुन्हा दिसू लागतात. ज्या शब्दापुढे तुमच्या वहीत दहा खुणा पडतील आणि जो तुम्हाला येत नाही, तो तुमचा कोर्स. संस्थेच्या समुपदेशकाने सांगितलेली मागणी आणि तुमच्या वहीतली मागणी वेगळी निघाली, तर वहीवर विश्वास ठेवा.

तुमच्या १६ वर्षांत काय जमा झाले आहे, हेही त्याच वहीत लिहा, आणि ‘क्वालिटी इन्स्पेक्टर’ एवढेच लिहून थांबू नका. व्हर्नियर, मायक्रोमीटर, हाइट गेज, बोअर गेज, प्रोफाइल प्रोजेक्टर यांपैकी काय रोज हाताळले; फर्स्ट पीस अप्रूव्हल, म्हणजे पहिला तयार भाग तपासून दिलेली मंजुरी, कोण देत असे; ग्राहकाची तक्रार आली की कारणांचा शोध घेऊन अहवाल लिहायला कोण बसत असे; कंट्रोल प्लॅन (काय, कधी, कसे तपासायचे याचा आराखडा) आणि पीपॅपची (नव्या भागाला ग्राहकाची मंजुरी घेण्याची) कागदपत्रे तुम्ही फक्त पाहिली की भरली; आयएटीएफ या वाहन उद्योगाच्या गुणवत्ता मानकाच्या ऑडिटमध्ये तुमच्या टेबलावर ऑडिटर थांबले तेव्हा उत्तरे कोणी दिली. मागे सिडकोतले एक गृहस्थ माझ्याकडे आले होते. त्यांनी बायोडाटात ‘तपासणीचा अनुभव, १२ वर्षे’ अशी एकच ओळ लिहिली होती. मी टेबलावर एक जुना बेअरिंगचा बाहेरचा रेस आणि मायक्रोमीटर ठेवला. त्यांनी बोलता बोलता आधी मायक्रोमीटरचे टोक पुसले, शून्य तपासले, रॅचेट तीनदा फिरवला आणि रेस तीन ठिकाणी मापून मग आकडा सांगितला. ही सवय सहा महिन्यांच्या कोणत्याही कोर्समध्ये लागत नाही, आणि त्यांच्या कागदावर तिचा मागमूसही नव्हता. ते पुढे एका कॅलिब्रेशन प्रयोगशाळेत लागले.

म्हणून माझा सल्ला असा की नवे क्षेत्र शोधताना तुमच्या जुन्या कामाच्या शेजारची दारे आधी ठोठावा. कॅलिब्रेशन हे त्यातले एक. कारखान्यांना आपली मोजमापाची साधने ठरावीक मुदतीने तपासून घ्यावी लागतात आणि हे काम करणाऱ्या प्रयोगशाळा एनएबीएल या प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची मान्यता घेण्यासाठी आयएसओ १७०२५ या मानकाप्रमाणे चालतात. तिथे मोजमापातली अनिश्चितता काढता येणे, नोंदी अचूक ठेवणे आणि शांत हात या तीन गोष्टी लागतात. दुसरे दार सीएमएमचे, म्हणजे त्रिमितीय मापन यंत्राचे. अशा यंत्रावर प्रोग्रॅम लिहू शकणारा माणूस आणि केवळ बटण दाबून रिपोर्ट काढणारा माणूस यांच्या पगारात फरक असतो, आणि ज्याला भूमितीय टॉलरन्सची (आकारात किती फरक चालतो हे सांगणारी) चिन्हे आधीच कळतात त्याला ते प्रोग्रॅमिंग लवकर येते. तिसरे दार दुसऱ्या उद्योगातल्या तपासणीचे. नाशिकमध्ये फक्त वाहन उद्योग नाही. स्विचगिअर आणि विद्युत उपकरणे बनवणारे कारखाने आहेत, ओझरला हिंदुस्थान एरोनॉटिक्स आहे, आणि या सगळ्यांना सुटे भाग पुरवणारे छोटे कारखाने आहेत. पुरवठादार साखळीतल्या पन्नास-साठ कामगारांच्या कारखान्याला स्वतंत्र क्वालिटी इंजिनिअर परवडत नाही. तिथे कागदपत्रे, ग्राहक आणि तपासणी हे तिन्ही सांभाळणारा अनुभवी माणूस मालकाला हवा असतो आणि अशा ठिकाणी पदवीपेक्षा कामाची चौकशी आधी होते.

आता तुमचे तीन कोर्स. डेटा अॅनालिटिक्सबद्दल मला सर्वांत जास्त काळजी वाटते. या क्षेत्रातल्या सुरुवातीच्या जागांवर पदवी मागितली जाते, अर्जदार बावीस-तेवीस वर्षांचे असतात आणि जागा प्रामुख्याने पुणे-मुंबई-बेंगळुरूकडे असतात. मुलगी दहावीत असताना तुम्ही शहर सोडू शकणार आहात का, हा प्रश्न घरात आधी विचारा. यातला तुमच्या उपयोगाचा भाग मात्र खरा आहे. एक्सेल पक्के येणे, पिव्होट टेबल, नियंत्रण आलेख, प्रक्रियाक्षमतेचे गणित, रिजेक्शनचा कल एका पानावर दाखवता येणे, हे सगळे गुणवत्ता विभागात हवे आहे. त्यासाठी ९५ हजार रुपये लागत नाहीत. केंद्र सरकारच्या स्वयम् या मंचावर, जो २०१७ पासून चालू आहे, अभ्यासक्रम मोफत पाहता येतात आणि शुल्क फक्त प्रमाणपत्राच्या परीक्षेचे द्यावे लागते. मापनशास्त्र आणि गुणवत्ता नियंत्रण यांवरची आयआयटीच्या प्राध्यापकांची व्याख्याने तिथे आहेत. ती बहुतेक इंग्रजीत आहेत, म्हणून पहिला आठवडा जड जाईल, परंतु त्यातले निम्मे शब्द तुम्ही शॉपफ्लोअरवर वर्षानुवर्षे वापरलेले आहेत.

पीएलसी-स्काडाचा कोर्स नाशिकमध्ये उपयोगी पडतो, यात शंका नाही. तो कोणाला उपयोगी पडतो, हे पाहावे लागेल. इलेक्ट्रिशियन, इन्स्ट्रुमेंटेशन किंवा मेंटेनन्समधून आलेल्या माणसाला रिले, काँटॅक्टर, सेन्सर आणि पॅनेलचे वायरिंग ड्रॉइंग आधीच कळते, त्यामुळे लॅडर लॉजिक, म्हणजे पीएलसीचा प्रोग्रॅम लिहिण्याची पद्धत, त्याच्या डोक्यात दोन महिन्यांत बसते. फिटर ट्रेडनंतर थेट तपासणीत गेलेल्या माणसाला आधी हा विद्युत भाग शिकावा लागतो आणि दोन महिन्यांच्या कोर्समध्ये तो शिकवला जात नाही. तुम्ही कधी मेंटेनन्सच्या लोकांबरोबर पॅनेल उघडून काम केले असेल आणि त्यात रस वाटला असेल, तर गोष्ट वेगळी आहे.

ड्रोनबद्दल थोडक्यात सांगतो. ड्रोन नियम २०२१ प्रमाणे डीजीसीए या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची मान्यता असलेल्या संस्थेतच प्रशिक्षण घेऊन रिमोट पायलट प्रमाणपत्र मिळते. त्यासाठी दहावी उत्तीर्ण असावे लागते आणि प्रशिक्षण काही दिवसांतच पूर्ण होते. हा नोकरीचा कमी आणि धंद्याचा जास्त मार्ग आहे, कारण फवारणीचे यंत्र, बॅटऱ्या आणि वाहन यांत भांडवल घालावे लागते आणि काम हंगामी असते. निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांकडे पाहून हा विचार आला असेल, तर तिथली फवारणी आजही मुख्यतः ट्रॅक्टरवरच्या ब्लोअरने होते, हे लक्षात घ्या, कारण मांडवाखालून पानांच्या दोन्ही बाजूंना आणि घडांपर्यंत औषध पोहोचावे लागते. शेतीशी तुमचा संबंध असता तर मी वेगळे बोललो असतो. सिंहस्थामुळे येणाऱ्या कामांबद्दलही अलीकडे पुष्कळजण विचारतात. २०२६-२७ मध्ये शहरात तात्पुरती कामे मिळतील आणि ती अवश्य करावीत, पण दोन वर्षांच्या गर्दीवर आयुष्याचा नवा व्यवसाय बेतू नये.

कोर्स कोणताही ठरला तरी संस्था कशी पारखायची, हे सविस्तर सांगणे मला गरजेचे वाटते, कारण सर्वांत जास्त नुकसान इथे होते. दारावर ‘आयएसओ ९००१ प्रमाणित’ अशी पाटी पाहून लोक निश्चिंत होतात. तुम्ही गुणवत्ता विभागातले आहात, त्या प्रमाणपत्राचा अर्थ तुम्हाला ठाऊक आहे: संस्थेची व्यवस्थापन पद्धत त्या मानकाप्रमाणे आहे, एवढेच ते सांगते. कोर्सला मान्यता आहे की नाही, याच्याशी त्याचा संबंध नाही. ‘शासनमान्य’ या शब्दाचेही तसेच आहे. दुकान म्हणून किंवा न्यास म्हणून झालेली नोंदणीसुद्धा त्या नावाखाली दाखवली जाते. नेमके विचारावे की प्रमाणपत्र कोण देणार, त्या कोर्सला एनसीव्हीईटी या व्यावसायिक शिक्षण-प्रशिक्षणाच्या राष्ट्रीय परिषदेची मान्यता आहे का आणि राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखड्यात त्याची पातळी कोणती. उत्तर तोंडी घेऊ नये. आरोग्यक्षेत्राकडे वळणाऱ्यांसाठी ही गोष्ट आणखी गंभीर आहे. औषधनिर्माण, परिचर्या आणि प्रयोगशाळा तंत्रज्ञान यांत संबंधित परिषदेची नोंदणी मिळणार नसेल, तर ती वर्षे आणि ती फी दोन्ही वाया जातात.

त्यानंतर प्रयोगशाळा पाहायला जा, आणि समुपदेशकाने दिलेल्या वेळी जाऊ नका, बॅच चालू असताना जा. सातपूरच्या एका संस्थेत मी असाच गेलो होतो. टेबलावर एक पीएलसी किट होते आणि त्याच्याभोवती नऊ मुले. कीबोर्डवर एकाचा हात होता, एकजण वाकून बघत होता, बाकीचे भिंतीला टेकून मोबाइल पाहत होते. शेजारच्या कपाटात आणखी दोन किट होते, पण त्यांच्यावरचे प्लॅस्टिक काढलेले नव्हते. म्हणून विचारण्याचा प्रश्न हा, की एका किटवर किती जण बसतात आणि संपूर्ण कोर्समध्ये माझा हात प्रत्यक्ष यंत्रावर किती तास असेल. सीएमएमसाठी तर हे आणखी महत्त्वाचे आहे, कारण यंत्र महाग असते आणि पुष्कळ ठिकाणी ते पडद्यावरच दाखवले जाते. शक्य असेल तर आपल्या ओळखीचा एखादा भाग आणि त्याचे ड्रॉइंग घेऊन जावे आणि ‘हा मोजून दाखवाल का’ असे नम्रपणे विचारावे.

संस्थेकडून यशस्वी विद्यार्थ्यांची नावे मागू नका, मागच्या पूर्ण बॅचची यादी मागा. भिंतीवर लावलेल्या पाच फोटोंवरून काहीच कळत नाही. वीसजणांच्या बॅचमधल्या कोणत्याही तिघांशी फोनवर बोललात तर सगळे कळते. त्यातही चाळिशीच्या आसपासचा एखादा असेल, तर त्याच्याशी आधी बोला, कारण बावीस वर्षांच्या मुलाला मिळालेली नोकरी हा तुमच्यासाठी पुरावा नाही.

नोकरीच्या हमीचे कलम मूळ करारात वाचा. बहुतेक ठिकाणी तो शब्द जाहिरातीत असतो आणि करारात ‘नोकरीसाठी साहाय्य’ एवढेच लिहिलेले असते, किंवा फी परत मिळण्यासाठी हजेरी, चाचण्या, ठरावीक मुलाखती आणि देशात कुठेही रुजू होण्याची तयारी अशा अटी असतात. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये कोचिंग क्षेत्रातल्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविरुद्ध मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांत खात्रीच्या नोकरीचे खोटे दावेही येतात. तक्रार करता येते, पण तक्रारीचा निकाल लागेपर्यंत तुमचे सात महिने थांबणार नाहीत.

‘बिनव्याजी हप्ते’ हा शब्द ऐकलात की कागद हातात घ्या. त्या योजनेत फी संस्थेला एक वित्तकंपनी देते आणि तुम्ही त्या कंपनीचे कर्जदार होता. ही गोष्ट मी फार उशिरा शिकलो. बऱ्याच वर्षांपूर्वी मी स्वतः शिफारस केलेल्या एका कोर्सला नाशिकरोडचे एक कामगार गेले. संस्था तिसऱ्या महिन्यात बंद पडली, शिक्षक निघून गेले, पण त्यांच्या खात्यातून हप्ता पुढे वर्षभर कापला जात राहिला. कर्जाचा कागद मी पाहायला हवा होता, तो मी पाहिला नव्हता. त्यानंतर कोणालाही मी एकरकमी फी किंवा अशा कर्जाचा सल्ला दिलेला नाही. संस्थेला थेट दोन किंवा तीन टप्प्यांत फी द्यावी, आणि मधेच सोडल्यास काय परत मिळेल हे पावतीवर लिहून घ्यावे.

मोफत किंवा अल्प खर्चाच्या मार्गांपैकी तुमच्या वयाला कोणते लागू आहेत, तेवढेच सांगतो. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना १८ ते ३५ वयोगटासाठी आहे, त्यामुळे ती बाजूला ठेवा. प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेतली पूर्वकौशल्याला मान्यता देणारी शाखा मात्र तुमच्यासारख्यांसाठी आहे: तिच्यात नव्याने कोर्स न करता, थोड्या उजळणीनंतर चाचणी घेऊन आधीच अंगी असलेल्या कौशल्याचे प्रमाणपत्र मिळते. सारथी, बार्टी, महाज्योती आणि अमृत या राज्याच्या संस्था आपापल्या समाजघटकांसाठी प्रशिक्षणाचा खर्च उचलतात, आपण ज्या घटकात येता त्या संस्थेच्या चालू योजना पाहाव्यात. अंबडच्या नाशिक इंजिनिअरिंग क्लस्टरमध्येही चौकशी करा, ते तुमच्या जुन्या रस्त्यावरच आहे. दोन वर्षांच्या आयटीआयवर पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो, हेही खरे आहे, परंतु त्यासाठी दोन वर्षे पूर्णवेळ द्यावी लागतील आणि आत्ताच्या हिशेबात ती बसत नाहीत. पदवीची उणीव पुढे जाचू लागली, तर १९८९ पासून नाशिकमध्येच असलेले मुक्त विद्यापीठ आहे. ते नोकरी लागल्यानंतरचे काम समजा.

पंधरा दिवसांनी वहीत मोजा. सीएमएम, कॅलिब्रेशन किंवा गुणवत्ता प्रणालीचे शब्द पुढे दिसले, तर दोन प्रयोगशाळा आणि चार छोटे कारखाने गाठा, मालकाला किंवा क्वालिटीच्या प्रमुखाला भेटा आणि एवढेच विचारा की ‘माझ्याकडे हे आहे, तुमच्याकडे घेण्यासाठी यात आणखी काय हवे?’ ते जे नाव घेतील, त्या यंत्राचा किंवा सॉफ्टवेअरचाच कोर्स शोधा आणि फी ३० हजारांच्या आत ठेवा, म्हणजे घर चालवायला अकरा महिन्यांहून थोडे अधिक उरतील. आणि तुमच्या तीसपैकी दहा जाहिरातींत पीएलसीच मागितलेले निघाले, पदे तुमच्या पात्रतेची असली, तर माझे वरचे मत बाजूला ठेवून तो कोर्स करा. त्याआधी फक्त एक महिना ओळखीच्या पॅनेल बनवणाऱ्याकडे मदतनीस म्हणून बसा, हातात टेस्टर आणि स्क्रू ड्रायव्हर घेऊन.